मस्कतमधल्या फिलिपिनो सहकारी बाईंनी आपल्या सरकारचे रोखे घ्यावेत का, आणि बाहेरून ते घ्यायचे कसे?

तुम्ही लिहिलंय ते असं: मस्कतच्या रुग्णालयात तुमच्यासोबत काम करणाऱ्या फिलिपिनो नर्स बाईंनी ३ लाख पेसो बाजूला टाकले आहेत. मुलगी पाच वर्षांनी कॉलेजात जाईल, गावी आईचं औषधपाणी चालू आहे, आणि ओळखीतल्या कुणीतरी त्यांना सरकारी रोखे घ्यायला सांगितलंय. ते घ्यावेत का, कसे घ्यायचे आणि ते आपल्याकडच्या रोख्यांसारखेच असतात का, हे तुम्हाला हवंय.

माझं उत्तर: घ्यावेत, पण सगळे पैसे त्यात घालू नयेत. आईच्या औषधांसाठी रोखे फार चांगले, मुलीच्या कॉलेजसाठी त्याहून बरी सोय त्यांच्याकडे आहे. कुठला रोखा घ्यायचा हे ठरवणं सोपं आहे. बाहेर राहणाऱ्यांचं घोडं अडतं ते टिन नंबर, मायदेशातलं बँक खातं आणि फोनमधलं सिम या तीन ठिकाणी.

आधी रोख्याबद्दल. सामान्य माणसासाठीच्या रोख्याला तिथे रिटेल ट्रेझरी बाँड म्हणतात, बोलताना नुसतं आरटीबी. २००१ पासून ब्युरो ऑफ द ट्रेझरी, म्हणजे त्यांच्या अर्थखात्याचा कोषागार विभाग, ते काढतो. किमान ५,००० पेसो आणि पुढे ५,००० च्या पटीत. व्याजदर मुदत संपेपर्यंत तोच राहतो आणि व्याज दर तीन महिन्यांनी खात्यात पडतं. विक्री सुरू होते त्या दिवशी मोठ्या बँकांमध्ये लिलाव होऊन दर ठरतो, आणि ५,००० वाल्यालाही तोच दर मिळतो. कागदी प्रमाणपत्र नसतं, सरकारी नोंदवहीत नावावर नोंद होते.

आरटीबी एकेका मालिकेने निघतात, आणि मालिका बारमाही विकत मिळत नाही. २०२१ आणि २०२२ मध्ये वर्षाला दोनदा निघाली, २०२३, २०२४ आणि २०२५ मध्ये एकेकदाच. फेब्रुवारी २०२४ ची तिसावी मालिका ६.२५ टक्क्यांची, ऑगस्ट २०२५ ची एकतिसावी ६ टक्क्यांची, दोन्ही पाच वर्षांच्या. विक्रीची खिडकी जेमतेम दीड-दोन आठवडे उघडी असते आणि सरकारला हवे तेवढे पैसे जमले तर त्याआधीही बंद होऊ शकते. म्हणून खिडकी उघडल्यावर कागदपत्रं जमवायला लागलेला माणूस बहुधा मागेच राहतो.

आता कर. 'ओएफडब्ल्यूला (परदेशात काम करणाऱ्या फिलिपिनोला) कर नसतो' हे वाक्य आखातातल्या प्रत्येक फिलिपिनो माणसाच्या तोंडी असतं. परदेशात कमावलेल्या पगारापुरतं ते खरं आहे. रोख्यावरचं व्याज मात्र फिलिपिन्समध्ये झालेलं उत्पन्न, त्यामुळे पेसो रोख्यांच्या व्याजातून २० टक्के कर परस्पर कापून उरलेलीच रक्कम हाती येते. ६ टक्क्यांच्या रोख्यात १ लाख घातले, तर वर्षाचं व्याज ६,०००, कर १,२००, हाती ४,८००. म्हणजे दर तिमाहीला १,२०० पेसो. जाहिरातीत ६ दिसतात, हिशेब ४.८ ने करायचा. हा कर अंतिम असतो, त्यावर वेगळं विवरणपत्र भरावं लागत नाही.

आता ती तीन कामं. बाई पुढच्या सुट्टीत घरी जातील तेव्हा ती उरकून घ्यावीत असं मी आग्रहाने सांगेन.

टिन म्हणजे आपल्या पॅनसारखा करनोंदणी क्रमांक. तो नसेल तर रोख्याचा अर्ज पुढे सरकत नाही. आखातात येण्याआधी त्यांनी मायदेशात कुठल्याही रुग्णालयात पगारी नोकरी केली असेल, तर त्यांना टिन मिळालेला असणार. त्या तो विसरल्या असतील एवढंच. जुनी पगारपत्रकं शोधावीत, नाहीतर करखात्याकडे चौकशी करावी. आठवत नाही म्हणून दुसरा काढू नये. एका माणसाचे दोन टिन हा तिथे दंडनीय गुन्हा आहे, आणि पुढे दोन्ही नोंदी जुळवताना पुरती दमछाक होते. कधीच नोंदणी झाली नसेल, तर करखात्याच्या ऑनलाइन नोंदणीतून नवा टिन मिळतो.

नावाकडे खास लक्ष द्यायला हवं. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं. त्यांच्याकडे मधलं नाव म्हणजे आईचं माहेरचं आडनाव. लग्नानंतर बाईने नवऱ्याचं आडनाव घेतलं, की तिचं स्वतःचं माहेरचं आडनाव मधे येतं आणि आईचं गळून पडतं. म्हणजे अर्धं नावच बदलतं. टिन माहेरच्या नावावर, पासपोर्ट सासरच्या, बँक खातं तिसऱ्याच स्पेलिंगने, अशी अवस्था फार जणींची असते. अर्ज फेटाळला जाण्याचं नेहमीचं कारण हेच. तिन्हीकडे नाव अक्षर न् अक्षर सारखं करून घ्यावं.

खातं अशा बँकेत हवं जी रोखे विकणाऱ्या अधिकृत बँकांच्या यादीत आहे. लँडबँक आणि डेव्हलपमेंट बँक ऑफ द फिलिपिन्स या सरकारी बँका, शिवाय मोठ्या खासगी बँका त्यात असतात. प्रत्येक मालिकेची यादी ट्रेझरीच्या संकेतस्थळावर लागते, ती बघून घ्यावी. ओव्हरसीज फिलिपिनो बँक ही लँडबँकेचीच उपकंपनी, परदेशातल्या कामगारांसाठीच काढलेली आणि पूर्ण डिजिटल. तिचं खातं परदेशातूनही उघडता येतं. जुनं खातं असेल तर ते जिवंत आहे ना, हे आधी तपासावं. दोन वर्षं एकही व्यवहार झाला नाही की बचत खातं निष्क्रिय ठरतं, आणि ते पुन्हा सुरू करायला अनेकदा शाखेतच जावं लागतं. रोख्याचं व्याज अशा खात्यावर येऊन थांबलं तर ते सोडवण्यात महिने जातात.

आणि सिम. बँकेचा ओटीपी फिलिपिन्सच्या नंबरवर येतो. त्या देशात २०२३ च्या जुलैपासून नोंदणी नसलेली सिम बंद झाली, आणि प्रीपेड सिममध्ये बराच काळ लोड, म्हणजे रिचार्ज, टाकला नाही तर तेही मरतं. विक्रीची मुदत संपायला दोन दिवस उरलेत, पैसे खात्यात तयार आहेत, आणि ओटीपी येत नाही! यापेक्षा वाईट अडकणं नाही. सिम नोंदवलेलं, रोमिंग चालू असलेलं आणि लोड भरलेलं हवं. बँकेच्या अ‍ॅपमध्येच मंजुरी देण्याची सोय असेल तर ती घरी असतानाच सुरू करून घ्यावी.

एवढं झालं की खरेदी अर्ध्या तासाचं काम आहे. ट्रेझरीच्या संकेतस्थळावरून किंवा बँकेच्या अ‍ॅपमधून मालिका निवडायची, रक्कम टाकायची, टिन आणि खातं क्रमांक द्यायचा, रक्कम खात्यातून वळती करायची. बाँड्सपीएच नावाचं अ‍ॅपही २०२० पासून याच कामासाठी आहे. शेवटी येणारी पावती आणि संदर्भ क्रमांक जपून ठेवावा, त्याची एक प्रत घरी विश्वासाच्या माणसाकडे द्यावी. बँक खरेदीवर किंवा सांभाळण्यावर काही शुल्क घेते का, हे आधी विचारावं. ५,०००-१०,००० च्या रोख्यात शुल्काने व्याजच खाल्लं जाईल.

पैसे पाठवताना वारांचा हिशेब ठेवा. ओमानमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी, फिलिपिन्समध्ये शनिवार-रविवार. दोन्हीकडे बँका एकाच वेळी चालू असतात त्या सोमवार ते गुरुवार. गुरुवारी संध्याकाळी पाठवलेले पैसे सोमवारी पोहोचतील असंच धरून चालावं. सगळ्यात उत्तम म्हणजे मालिका जाहीर होण्याआधीच रक्कम तिथल्या खात्यात आणून ठेवणं.

यात बुडतं काय? मुदतीपर्यंत धरलं तर मुद्दल पूर्ण परत मिळतं, सरकारची थेट हमी आहे. तोटा होतो तो मधेच विकावं लागलं तर. आरटीबी बँकेमार्फत विकता येतो, पण त्या दिवशीच्या बाजारभावाने. ऑगस्ट २०२० ची चोविसावी मालिका पाच वर्षांची, २.६२५ टक्क्यांची होती. दोन वर्षं उरली असताना कुणाला ती विकायची आहे आणि बाजारात दोन वर्षांच्या रोख्याला ६ टक्के मिळतायत असं धरा. २.६२५ वाला रोखा पूर्ण किमतीला कोण घेईल? १०० चा रोखा साधारण ९४ ला जाईल; १ लाखामागे ६,००० च्या वर मुद्दलातूनच गेले. आणि धरून बसलेल्याचंही फार बरं झालं नाही. कर जाऊन त्याच्या हाती २.१ टक्के येत होते, तर महागाई २०२२ मध्ये ५.८ आणि २०२३ मध्ये ६ टक्के होती. सरकारी हमी आकड्याची असते, त्या आकड्यात काय विकत मिळेल याची नाही. म्हणून दर कमी असताना केवळ 'सुरक्षित आहे' म्हणून पाच वर्षं अडकवणं मला पटत नाही.

दुसरी गळती दिसत नाही. व्याज दर तिमाहीला खात्यात येतं, तिथे त्यावर जवळजवळ काहीच मिळत नाही, आणि ते खर्च होऊन जातं. व्याजावर व्याज रोख्यात आपोआप चढत नाही.

म्हणूनच मुलीच्या कॉलेजसाठी मी एमपी-२ सुचवेन. पॅग-इबिग हा त्यांचा सरकारी गृहनिधी, आणि एमपी-२ ही त्याची स्वेच्छा बचत योजना. मुदत पाच वर्षं, सुरुवात ५०० पेसोंपासून, लाभांश करमुक्त, आणि सगळी रक्कम शेवटी घ्यायची ठरवली तर लाभांशावर लाभांश चढत जातो. ओएफडब्ल्यू म्हणून त्या पॅग-इबिगच्या सभासद असतीलच. सभासदत्व चालू असेल तर खातं ऑनलाइन उघडतं. २०२१ मध्ये लाभांश ६ टक्के होता, २०२३ मध्ये ७.०५ आणि २०२४ मध्ये ७.१. दर वर्षी तो नव्याने जाहीर होतो, आधी कुणी सांगू शकत नाही. पण ७ टक्केच मिळत राहिले असं धरलं, तर १ लाखाचे पाच वर्षांनी सुमारे १ लाख ४० हजार होतात. ६ टक्क्यांच्या रोख्यातून मुद्दल आणि करानंतरचं व्याज मिळून १ लाख २४ हजार. फरक लहान नाही. अडचण एवढीच की एमपी-२ बाजारात विकता येत नाही, आणि ठरावीक कारणांशिवाय मधेच काढलं तर लाभांश कापला जातो.

त्यांच्या ३ लाखांची वाटणी मी अशी करेन: ६०,००० साध्या बचत खात्यात, अडीअडचणीसाठी. तिथे ठेव विमा एका बँकेत माणशी १० लाख पेसोंपर्यंत आहे, मार्च २०२५ मध्ये तो ५ लाखांवरून वाढला. १ लाख ४० हजार एमपी-२ मध्ये, मुलीच्या नावाने मनात बांधून. १ लाख आरटीबीमध्ये. त्याचे तिमाहीला येणारे १,२०० पेसो अ‍ॅपमधून आईच्या खात्यावर लगेच पाठवता येतात. औषधांचा पूर्ण खर्च त्यातून निघणार नाही, पण आईच्या हातात ठरल्या वेळी पैसे पडतील.

डॉलरमधले सरकारी रोखेही निघाले आहेत: २०२१ मध्ये पाच वर्षांचे १.३७५ टक्क्यांचे, २०२३ मध्ये साडेपाच वर्षांचे ५.७५ टक्क्यांचे. ओमानी रियाल डॉलरला बांधलेला असल्याने आखातातल्या माणसाला ते ओळखीचे वाटतात. २०२१ च्या सुरुवातीला डॉलरला ४८ पेसो होते, ऑक्टोबर २०२२ मध्ये ५९. पेसो घसरतो तेव्हा डॉलर रोखे वाचवतात, हे खरंच. पण औषधं आणि कॉलेजची फी पेसोत द्यायची आहे. खर्च ज्या चलनात, बचत त्याच चलनात ठेवणं बरं. त्या पुढे कॅनडा-इंग्लंडला जाणार असतील तर गोष्ट वेगळी.

अधिकारपत्राबद्दल. घरच्या कुणाला आपल्या वतीने रोखे विकायचा किंवा पैसे काढायचा अधिकार द्यायचा असेल, तर मस्कतमधल्या फिलिपिन्स दूतावासात विशेष अधिकारपत्र साक्षांकित करून घ्यावं. त्यात 'सरकारी रोखे' हे शब्द आणि बँकेचं नाव स्पष्ट हवं. नुसतं 'सर्व व्यवहार' लिहिलेलं अधिकारपत्र बँका परत पाठवतात. हे अधिकारपत्र मृत्यूनंतर निरुपयोगी होतं. वारसांना रोखे नावावर करायला आधी ६ टक्के वारसा कर भरून करखात्याचा दाखला आणावा लागतो, म्हणून कुठे काय ठेवलंय याची यादी घरात असू द्यावी.

फेसबुकवर 'ओएफडब्ल्यूसाठी खास आरटीबी, ९ टक्के' म्हणत कुणी वैयक्तिक जीकॅश (तिथलं मोबाइल पाकीट) नंबरवर पैसे मागितले तर तो भामटा समजावा. दर सगळ्यांना एकच असतो, आणि पैसे स्वतःच्या खात्यातूनच वळते होतात.

तुमच्यासाठी तुलना: आपल्या सरकारी रोख्यांवर व्याज सहामाही असतं, त्यांचं तिमाही. नोव्हेंबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट खात्यातून अनिवासी भारतीयही किमान १०,००० रुपयांचे रोखे घेऊ शकतात, आणि तिथेही पॅन, भारतातलं बँक खातं आणि ओटीपीचा फोन हेच लागतं. बदलत्या दराचे बचत रोखे मात्र अनिवासींना मिळत नाहीत, ती चौकशी करण्यात वेळ घालवू नका.