रक्तावर कळतं, पण सगळं नाही

ताई, तुमच्या यजमानांचं हृदयरोपण चेन्नईत होऊन दीड वर्ष झालं, आता शिकागोची नोकरी आलीय, आणि तिकडे मानेतून नळी घालून हृदयाचा बारीक तुकडा काढायची बायोप्सी न करता नुसत्या रक्तावर रिजेक्शन, म्हणजे शरीर नवं हृदय नाकारतंय हे, कळतं का, असं तुम्ही विचारलंत. तुमच्या नावाखाली इंदूर, रामबाग वाचलं आणि राहवलं नाही, आम्हीही इंदूरचेच. आमच्या ह्यांचं रोपण इथेच अमेरिकेत झालं, सहा वर्षांपूर्वी.

व्हिसाचं वकील सांगेल, मी रक्ताचं सांगते. अ‍ॅलोमॅप ही तपासणी पांढऱ्या पेशींतल्या काही जीन्सचं काम बघून 0 ते 40 मधला आकडा देते. कमी आला तर रिजेक्शन बहुधा नाही. जास्त आला म्हणजे आहेच असं नव्हे, पण मग बायोप्सी चुकत नाही. 2010 साली 602 रुग्णांचा अभ्यास आला. त्यात रोपणाला सहा महिने ते पाच वर्षं झालेल्यांच्या बाबतीत ही तपासणी नेहमीच्या बायोप्सीपेक्षा कमी पडली नाही. मात्र अँटिबॉडीमुळे होणारं रिजेक्शन तिला दिसत नाही. म्हणून सोबत दुसरी करतात: नव्या हृदयाला इजा झाली की दात्याचा डीएनए रक्तात वाढतो, तो मोजतात. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि रिजेक्शन रोखणाऱ्या टॅक्रोलिमस औषधाची रक्तातली पातळी सुटत नाहीच.

चेन्नईहून दात्याचा आणि यजमानांचा एचएलए टायपिंगचा (पेशींची जुळणी बघणाऱ्या तपासणीचा) कागद नक्की घ्या. स्टिरॉइडचा डोसही लिहून आणा, त्याने अ‍ॅलोमॅपचा आकडा हलतो.

आमच्या विमा कंपनीने ही तपासणी तीनदा नाकारली, म्हणून बायोप्सी होत राहिल्या. त्यातल्याच एका दिवशी मुलीच्या शाळेत मीटिंग होती. मी गेले नाही. इंदूरला गणितात पहिली येणारी पोर, तिला सोप्या गणिताच्या वर्गात टाकलं आणि दोन वर्षं तिथेच ठेवलं. ते अजून सलतं. शाळेतून आली की ती आधी बाबांच्या मानेवरची पट्टी बघायची. आता कोपराजवळचा कापूस बघते.

एकटेपणाची सवय होते.

आकडा हॉस्पिटलच्या पोर्टलवर येतो आणि तो आधी मीच उघडते. एका शुक्रवारी 36 आला. मी ह्यांना काही बोलले नाही, शनिवारी पुरणपोळ्या केल्या. सोमवारी हॉस्पिटलचा फोन आला तेव्हाच त्यांना कळलं. बायोप्सी चांगली निघाली, पण ते दोन दिवस मला माहीत होतं, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही. तुम्ही पासवर्ड यजमानांकडेच राहू द्या.