बरणी सापडली, टाइप सापडला का?

प्रश्न: एकोणिसाव्या शतकात वर्णन झालेल्या एका मिलिपीडचा, म्हणजे पैसा किड्याचा, टाइप नमुना, म्हणजे ज्यावर प्रजातीचं नाव आधारलेलं असतं तो मूळ नमुना, शोधायचा आहे. मूळ लेखात 'होलोटाइप' हा शब्दच नाही. सुरुवात कुठून करावी?

उत्तर: त्या काळी एकच नमुना निवडून त्याला होलोटाइप म्हणण्याची रीत रुळलेली नव्हती. लेखकासमोर अनेक नमुने असतील, तर ते सगळेच सिनटाइप, म्हणजे सारख्याच दर्जाचे टाइप नमुने. म्हणून आधी त्याच्याकडे काय काय होतं ते मूळ लेखातून उतरवून घ्या: नर की मादी, लांबी-रुंदी, ठिकाण, गोळा करणारा. संग्रहालयातली नमुन्याची बरणी हाती आली की याच गोष्टी ताडून पाहायच्या आहेत.

मग लेखकाचा माग काढा. हंबर्टने १८६५मध्ये वर्णन केलेल्या सिलोनच्या मिलिपीडांसाठी जिनिव्हाच्या संग्रहालयाला विचारावं, पोकॉकसाठी लंडनला, आटेम्ससाठी आधी व्हिएन्नाला. व्हेरहॉफ मात्र डोकेदुखी: त्याने आपले नमुने वेगवेगळ्या संग्रहालयांना विकले, त्यामुळे बर्लिन आणि म्युनिक दोन्हीकडे पाहावं लागतं.

क्युरेटरला पत्र लिहिताना मूळ नाव द्या, आजचं नव्हे. पुढे वंश बदलला तरी बरणी बऱ्याचदा जुन्याच नावाखाली असते. लंडनच्या जुन्या नोंदणी क्रमांकात सुरुवातीला वर्ष, महिना, दिवस येतो. नमुना लेख छापल्यानंतर दाखल झालेला दिसला, तर तो आधी कुणाकडे होता ते तपासा. लाल 'टाइप' चिठ्ठी बघून हुरळून जाऊ नका, ती कित्येकदा नंतरच्या कुणीतरी अंदाजाने टाकलेली असते.

प्रश्न: बरणीतल्या नराच्या सातव्या वलयावर नुसतं भोक आहे. नमुना निकामी समजायचा का?

उत्तर: मुळीच नाही. पॉलिडेस्मिडा या मिलिपीडांच्या गणात नराच्या पायांची आठवी जोडी गोनोपॉड, म्हणजे समागमाचे अवयव, बनते आणि प्रजाती त्यावरूनच ठरते, म्हणून जुन्या अभ्यासकांनी ती काढून घेतली. बरणीच्या तळाशी कापसाचा बोळा लावलेली बारीक कुपी आहे का बघा. नसेल तर स्लाइडचं कपाट बघायला सांगा; कॅनडा बाल्सम या चिकटवायच्या राळेने पिवळी पडलेली स्लाइड वेगळ्याच क्रमांकाखाली असू शकते. अल्कोहोल उडून नमुना वाळला असेल, तर स्वतः उचलू नका, वलयं सुटी होतात. जुनी चिठ्ठी कितीही फाटकी असली तरी बरणीतच राहू द्या.

निओटाइप, म्हणजे हरवलेल्या टाइपच्या जागी नवा नमुना, ठरवायची घाई तर नकोच. मूळ टाइप पुढे सापडला, तर प्राणिनामकरण संहितेनुसार निओटाइप बाजूला पडतो.