गाजणाऱ्या थ्रिलर आणि डार्क रोमान्स कादंबऱ्यांतलं काय वाचावं, काय सोडून द्यावं?

तुम्ही विचारलंय की रीलवर जो तो ज्यांचं कौतुक करतो त्या थ्रिलर आणि डार्क रोमान्स (म्हणजे घातक पुरुषावर जीव जडण्याच्या गोष्टी) कादंबऱ्या खरंच तेवढ्या चांगल्या आहेत का, सुरुवात कुठून करावी, आणि अकरावीतल्या बहिणीच्या दप्तरात ‘हाँटिंग ॲडलाइन’ हे डार्क रोमान्सचं पुस्तक सापडलंय त्याचं काय करावं. शेवटच्या प्रश्नाकडे शेवटी येते. रहस्यं फोडणार नाही, निर्धास्त वाचा.

सुरुवात कॉलीन हूवरच्या ‘व्हेरिटी’पासून करा. तुम्ही म्हणता ते दोन्ही प्रकार या एकाच पुस्तकात सापडतात. सुरुवातीलाच मॅनहॅटनच्या रस्त्यावर एक माणूस ट्रकखाली येतो आणि रक्ताचे शिंतोडे जवळ उभ्या असलेल्या लोवेनच्या अंगावर उडतात. एक अनोळखी माणूस तिला गर्दीतून बाजूला काढतो, जवळच्या स्वच्छतागृहात नेतो आणि अंगातला शर्ट काढून तिला घालायला देतो. भीती आणि ओढ, दोन्ही पहिल्या काही पानांतच. तो माणूस म्हणजे जेरेमी. त्याची बायको व्हेरिटी गाजलेली लेखिका, पण अपघातानंतर अंथरुणाला खिळलेली. तिची अर्धवट राहिलेली मालिका पुरी करायचं काम लोवेनला मिळतं. टिपणं चाळायला ती त्यांच्या घरी राहायला जाते आणि तिथे तिच्या हाती व्हेरिटीचं आत्मचरित्र लागतं. त्यात एक आई आपल्याच मुलींबद्दल जे लिहिते ते वाचवत नाही. मी पुस्तक पालथं घालून भांडी घासायला उठले होते. ज्यांच्या घरात तान्हं बाळ आहे त्यांनी सध्या लांबच राहावं.

पण धक्के सगळेच देतात. मला आवडली ती यातली रचना. लोवेन ते बाड एका बैठकीत वाचून संपवत नाही. थोडं थोडं वाचते, आणि मधल्या दिवसांत त्याच बाईच्या नवऱ्यावर तिचा जीव जडत जातो. म्हणजे व्हेरिटीबद्दल आपल्याला जे कळतं ते सगळं अशा बाईकडून, जिला व्हेरिटी वाईट ठरलेली हवीच आहे. हे लक्षात ठेवून वाचलंत तर शेवट दुप्पट चढतो. हूवरने ही कादंबरी २०१८ मध्ये स्वतःच काढली होती. नंतरच्या आवृत्तीत एक जादा प्रकरण जोडलं. ते वाचू नका. मूळ शेवटाने वाचकाला जिथे अधांतरी सोडलंय तिथेच राहण्यात मजा आहे.

हे सगळं नवीन आहे असंही समजू नका. मोठं घर, देखणा आणि गप्प गप्प नवरा, पहिल्या बायकोची सावली आणि त्या घरात नव्याने आलेली बावरलेली बाई, हा सगळा ऐवज डॅफ्ने द्यू मोरिएच्या ‘रिबेका’त १९३८ सालीच आहे. आपल्याकडच्या लोकांना तो १९६४च्या ‘कोहरा’ या हिंदी सिनेमामुळे माहीत असतो. माझ्या आईने तो थिएटरात पाहिला होता. त्यातली घर सांभाळणारी बाई आठवली की ती अजून अंगावर पदर ओढून घेते.

फ्रीडा मॅकफॅडनच्या ‘द हाउसमेड’बद्दल (२०२२) माझं मत अर्धं चांगलं, अर्धं वाईट आहे. लेखिका पेशाने डॉक्टर, मेंदूच्या दुखापतींवर उपचार करणारी, आणि वाचकाची नाडी तिला अचूक सापडलेली आहे. तुरुंगातून सुटलेली, गाडीत झोपून दिवस काढणारी मिली एका श्रीमंत घरी कामाला लागते. तिला पोटमाळ्यावरची एवढीशी खोली मिळते. खिडकी उघडत नाही आणि दाराला कुलूप आहे ते बाहेरून. बागकाम करणाऱ्या इटालियन माणसाला इंग्रजी धड येत नाही. तो तिच्याकडे बघून ‘पेरिकोलो’ एवढंच म्हणतो. म्हणजे धोका. इथवर उत्तम. मधेच सांगणारी व्यक्ती बदलते आणि तोवर वाचलेलं सगळं उलटंपालटं होतं, तेही झकास. कुरकुर आहे ती भाषेबद्दल. वाक्यं सपाट, माणसं पुठ्ठ्याची, आणि प्रकरणाच्या शेवटी हुक टाकल्याशिवाय बाईला चैन पडत नाही. पण बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहून आपल्या आजोबांना याच पद्धतीने जागवलं होतं, त्यामुळे उगाच नाक मुरडण्यात अर्थ नाही. लायब्ररीतून दोन तासांसाठी आणायचं, संपवायचं, परत करायचं, असं हे पुस्तक आहे. पुढचे भाग नाही वाचलेत तरी चालेल. सिनेमा डिसेंबर २०२५ मध्ये आला. तो मात्र पुस्तक झाल्यावरच बघा.

थ्रिलरसाठी माझी कसोटी सोपी आहे: शेवट कळल्यावर पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला घ्यायचं. लेखकाने पत्ते आपल्यासमोर ठेवले होते का लपवले होते, ते तेव्हा कळतं. ॲलेक्स मायकेलिडिसचं ‘द सायलेंट पेशंट’ (२०१९) या कसोटीला उतरतं. चित्रकार बाई नवऱ्याला पाच गोळ्या घालते आणि त्यानंतर तोंडातून शब्द काढत नाही. एक मानसोपचारतज्ज्ञ तिला बोलतं करायचा विडा उचलतो. उपचारांचं चित्रण मला अजिबात पटलं नाही, त्या क्षेत्रातल्या कुणाला दाखवलंत तर हसतील. पण दुसऱ्या वाचनात कळतं की आपल्याला कुणी फसवलं नव्हतं, आपणच नको तिथे गृहीत धरून चाललो होतो.

आता डार्क रोमान्स. इथे ही कसोटी लागूच होत नाही. थ्रिलरमध्ये कोणता पुरुष घातक आहे हे शेवटी कळतं, डार्क रोमान्समध्ये ते पहिल्या प्रकरणात सांगितलेलं असतं, आणि आतल्या त्रासदायक मजकुराची यादी इशारा म्हणून पुस्तकाच्या सुरुवातीलाच छापलेली असते. म्हणून मी इथे एवढंच बघते की त्या पुरुषाला गोष्टीतून वजा केलं तर बाईकडे काही उरतं का.

एच. डी. कार्लटनच्या ‘हाँटिंग ॲडलाइन’मध्ये (२०२१) उरतं, आणि गंमत म्हणजे त्याबद्दल कुणी बोलतच नाही. ॲडलाइन स्वतः लेखिका. वारशात मिळालेल्या जुन्या वाड्यात राहायला येते तेव्हा तिला पणजीची डायरी सापडते. त्या पणजीवरही कुणीतरी पाळत ठेवून होता आणि तिचा खून झाला होता. या जुन्या खुनाचा धागा इतका चांगला आहे की तेवढ्यावर एक सुटसुटीत दोनशे पानी कादंबरी झाली असती. नारायण धारप वाचून वाढलेल्या माणसाला तर हा वाडा लगेच ओळखीचा वाटेल.

पण पुस्तक विकलं जातं ते ॲडलाइनवर पाळत ठेवणाऱ्या झेडच्या जिवावर. हा रात्री तिच्या घरात घुसतो, गुलाब ठेवून जातो, तिचं ‘नाही’ ऐकूनही थांबत नाही. आणि हाच दिवसा मुलींचा व्यापार करणाऱ्यांना शोधून ठार मारतो. इथे माझं बिनसलं. बाकीचे खलनायक इतके काळेकुट्ट रंगवायचे की त्यांच्या शेजारी हा आपोआप गोरा दिसावा, ही सरळसरळ हातचलाखी आहे. कुणाच्या मर्जीविरुद्ध काही होऊ नये म्हणून जीव धोक्यात घालणारा माणूस प्रेयसीची मर्जी विचारत नाही, ही विसंगती खरं तर कादंबरीचा विषय व्हायला हवी होती. लेखिका या विसंगतीच्या जवळ येते आणि दर वेळी एखादा शय्याप्रसंग घालून निसटते. ज्यांना तेच हवंय त्यांच्याशी माझं भांडण नाही. कल्पनेत काय आवडतं आणि आयुष्यात काय हवंय यातला फरक मोठ्या बायकांना चांगला कळतो.

हाच माल जरा शहाणपणाने हवा असेल तर नवेसा ॲलनचं ‘लाइट्स आउट’ (२०२४) घ्या. नायिका रुग्णालयात नर्स. मुखवटा घालून व्हिडिओ टाकणाऱ्या एकावर ती भाळते आणि त्याला आपल्या मनातलं कळवण्याचं धाडस स्वतःच करते. तिच्या घरात शिरणं तेवढ्याने माफ होत नाही, पण निदान तिला काय हवंय ते आधी ऐकू येतं. वर पुस्तक विनोदी आहे. ब्रिन वीव्हरचं ‘बुचर अँड ब्लॅकबर्ड’ (२०२३), म्हणजे खुन्यांचे खून पाडणाऱ्या दोन खुन्यांचं प्रेम, त्याहून विनोदी आणि त्याहून किळसवाणं. त्यात एक आइस्क्रीम आहे. जेवून उठल्या उठल्या वाचू नका.

आता बहिणीबद्दल. ते पुस्तक प्रौढांसाठी आहे, त्यात बळजबरीचे प्रसंग सविस्तर आहेत, आणि अकरावीच्या मुलीच्या हाती ते मी स्वतः देणार नाही. पण हिसकावून घेऊ नका. फोनवर पीडीएफ उतरवून घ्यायला तिला दोन मिनिटं लागतील. कुठवर आलंय ते विचारा. डायरीबद्दल बोलली तर ‘रिबेका’ हातात ठेवा, रहस्य आवडत असेल तर ‘द सायलेंट पेशंट’. झेडबद्दलच बोलत राहिली तर पूर्ण ऐकून घ्या आणि मग विचारा, असा माणूस आपल्या सोसायटीच्या गेटबाहेर रात्री उभा दिसला तर काय करशील? माझ्या भाचीने मलाच वेड्यात काढलं होतं, “मावशी, ११२ला फोन, आणखी काय?” दुसरा भाग, ‘हंटिंग ॲडलाइन’, मात्र तिला निदान काही वर्षं तरी वाचू देऊ नका. पहिल्यात मुलींच्या व्यापाराचं जे आडून येतं ते त्यात समोर घडतं, पानंच्या पानं, आणि मला स्वतःलाच त्यातली बरीच उलटावी लागली.