अंतराळवीर मानवाचं भविष्य पाहून येतात, हे कथेत ठीक. प्रत्यक्षात शक्य आहे का?

अर्धं शक्य आहे. भविष्यात जाता येतं. ते पाहून पुन्हा आपल्या काळात मागे येता येतं, असं मात्र आजवर कुठेच दिसलेलं नाही.

समजा, गिरगावातल्या चाळीतून एक मुलगी अभिजित ताऱ्याकडे निघाली. अंतर सुमारे 25 प्रकाशवर्षं, यानाचा वेग प्रकाशाच्या 99 टक्के. जाऊन-येऊन तिच्या घड्याळात जेमतेम 7 वर्षं होतील, मुंबईत मात्र 50 उलटलेली असतील. पाच वर्षांची भाची पंचावन्नची होऊन दार उघडेल. (चाळ राहिली असेल तर! तिथे टॉवर उभा असण्याचीच शक्यता जास्त.)

हा आइन्स्टाइनच्या 1905 च्या विशेष सापेक्षतेचा हिशेब: वेग जितका जास्त, तितका प्रवाशाचा वेळ हळू सरतो. अवकाश स्थानकावर सहा महिने राहिलेला अंतराळवीरही आपल्यापेक्षा सेकंदाच्या सुमारे 5 सहस्रांशांनी तरुण परततो. फरक नगण्य, पण खरा.

गडबड होते ती पुढे. कथेतले वीर पुढची पृथ्वी बघून आपल्याला सावध करायला मागे येतात, तिथे लेखकाने सूट घेतलेली असते. मला विचाराल तर आपल्या काळात न परतणारीच कथा जास्त चटका लावते. ती मुलगी भविष्य बघतेच, फक्त सांगायचं ज्यांना, त्यातली बहुतेक माणसं उरलेली नसतात.