चारही पदकं जमिनीवरची

प्रश्न: विल्यम हॉल या इंग्रजी आरमारातल्या खलाशाला १८५७ च्या लखनौतल्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांचा शौर्याचा सर्वोच्च सन्मान मिळाला, असं वाचलं. लखनौला समुद्र कुठला? मग तिथे खलाशी काय करत होता? शिवाय एका चित्रात त्याच्या क्रॉसची फीत निळी आहे आणि दुसऱ्यात किरमिजी. यातली खरी कुठली?

उत्तर: आधी फितीचं सांगतो, कारण तिथे शंकेला जागाच नाही. १८५६ साली हा सन्मान सुरू झाला तेव्हा लष्कराला किरमिजी फीत होती आणि आरमाराला निळी. १९१८ पासून सगळ्यांना एकच किरमिजी फीत झाली. हॉल १९०४ सालीच वारला, म्हणजे किरमिजी फीत त्याच्या छातीवर कधी आलीच नाही. तुमचं निळं चित्र बरोबर आहे.

आता लखनौ. मी गेली कित्येक वर्षं जुनी पदकं भिंगाखाली धरून वाचतोय, पण हॉलच्या पदकांचा संच मला फार वेगळा वाटतो. त्यात चार पदकं आहेत आणि जन्मभर जहाजावर राबलेल्या या माणसाची ही चारही पदकं जमिनीवरच्या लढायांसाठी मिळालेली आहेत.

हॉल आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाचा. इंग्लंड-अमेरिकेच्या १८१२ च्या युद्धाच्या वेळी अमेरिकेतल्या गुलामगिरीतून सुटून आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबातला. १८५२ साली लिव्हरपूलला तो इंग्रजी आरमारात भरती झाला आणि 'रॉडनी' या युद्धनौकेवर गेला. रशियाविरुद्धच्या क्रिमियाच्या युद्धात सेवास्तोपोलला वेढा पडला तेव्हा जहाजांवरच्या जड तोफा आणि त्या चालवणारे खलाशी किनाऱ्यावर उतरवले गेले. या तुकडीला 'नेव्हल ब्रिगेड' म्हणत. असल्या अवजड तोफा ओढायच्या, भरायच्या, डागायच्या, हा खलाशांचा रोजचाच सराव होता. म्हणून त्याच्या क्रिमियन पदकावर 'इंकरमन' आणि 'सेवास्तोपोल' अशा लढायांच्या नावांच्या दोन पट्ट्या आहेत. या पट्ट्या ओकच्या पानांच्या आकाराच्या असतात, हातात धरल्या की टोकाची फळंसुद्धा दिसतात. सोबतचं तुर्की पदक सुलतानाकडून आलेलं.

१८५७ साली तो 'शॅनन' या वाफेच्या फ्रिगेटवर, म्हणजे युद्धनौकेवर होता. जहाज निघालं होतं चीनच्या मोहिमेवर, पण उठावाची बातमी आल्यावर ते कलकत्त्याकडे वळवलं. कॅप्टन विल्यम पील याने तोफा आणि माणसं गंगेतून अलाहाबादपर्यंत नेली, तिथून पुढे बैल जोडून खुष्कीच्या वाटेने. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे एवढंच.

१६ नोव्हेंबर १८५७. लखनौत इंग्रजांचा शाह नजफवर हल्ला चालू होता. शाह नजफ म्हणजे नवाब गाझीउद्दीन हैदरचा मकबरा, आणि त्याभोवती जाडजूड भिंत. भिंतीच्या अगदी जवळ लावलेल्या तोफेवरची माणसं एकेक करून पडत गेली. शेवटी उरले दोघं, लेफ्टनंट थॉमस यंग आणि हॉल. यंग जखमी. प्रत्येक बारानंतर तोफ मागे हटायची, ती पुन्हा पुढे रेटायची, भरायची आणि डागायची. ते थांबले नाहीत. दोघांनाही क्रॉस मिळाला.

बऱ्याच ठिकाणी लिहितात की हॉलच्या तोफेने भिंत पाडली आणि सैन्य आत घुसलं. मला हे दुरुस्त करावंसं वाटतं. ९३व्या हायलँडर पलटणीतला सार्जंट जॉन पेटन गोळीबारात एकटा इमारतीला वळसा घालून गेला. त्याला पलीकडच्या बाजूला भगदाड सापडलं आणि तिथून पलटण आत शिरली. त्यालाही याच कामगिरीसाठी क्रॉस आहे. यात हॉलचं काहीही कमी होत नाही, त्याचा मान तोफेपाशी टिकून राहिल्याचा आहे. आणि भिंतीच्या आत लढणारे आपले लोक होते, त्यांच्या धैर्याचं पदक कुणी पाडलं नाही, हेही मला हा संच पाहताना दर वेळी आठवतं.

कागदपत्रांत हॉलचा हुद्दा 'कॅप्टन ऑफ द फोरटॉप' असा दिसेल. त्यावरून काही जण त्याला जहाजाचा कप्तान करून टाकतात. पुढच्या डोलकाठीवर काम करणाऱ्या खलाशांचा तो म्होरक्या, एवढाच त्याचा अर्थ.

क्रॉस त्याच्या छातीवर लागला तो २८ ऑक्टोबर १८५९ रोजी, आयर्लंडमधल्या क्वीन्सटाउन बंदरात, 'डोनेगल' जहाजावर. सोबत वर्षाला १० पौंड. असा क्रॉस पाहायला मिळाला तर तो उलटून बघा. मागच्या वर्तुळात पराक्रमाची तारीख असते आणि वरच्या आडव्या पट्टीच्या पाठीमागे नाव. क्रिमियन पदकाच्या कडेवर मात्र नाव दिसलं नाही तर बिचकू नका. आरमाराला त्यातली बरीचशी पदकं कोऱ्या कडेचीच वाटली होती.

१८७६ साली हॉल निवृत्त होऊन नोव्हा स्कोशियाला शेतीवर परतला. १९०१ साली इंग्लंडचा राजपुत्र, पुढचा पाचवा जॉर्ज, हॅलिफॅक्सला आला. तिथे जुन्या सैनिकांच्या रांगेत त्याची नजर हॉलच्या पदकांवर गेली आणि त्याने चौकशी केली. तीन वर्षांनी हॉल गेला, आणि त्याच्या कबरीवर नावाचा दगडही नव्हता. १९४५ साली त्याचे अवशेष हॅन्ट्सपोर्टच्या चर्चच्या आवारात हलवले. आता तिथे त्याचं नाव आहे.