माल्टामधील ऐतिहासिक चर्चपैकी कोणती आवर्जून पाहावीत?

वेळ थोडा असेल, तर आधी राजधानी व्हॅलेटा येथील सेंट जॉन्स को-कॅथेड्रल पाहावे. १५७० च्या दशकात नाइट्स ऑफ सेंट जॉन या ख्रिस्ती सरदारांच्या संघाने उभारलेली ही वास्तू बाहेरून किल्ल्यासारखी साधी दिसते. आत मात्र मात्तिया प्रेतीने रंगवलेले छत, पायांखाली सरदारांच्या रंगीत संगमरवरी समाध्या आणि काराव्हाज्योचे संत जॉनच्या शिरच्छेदाचे १६०८ चे भव्य चित्र आहे, ज्यात संताच्या मानेतून वाहिलेल्या रक्तातच चित्रकाराने आपली सही केली आहे. तिथे घाई मुळीच करू नये. मोस्ता या गावातील चर्चही पाहावे; दुसऱ्या महायुद्धात त्याचा घुमट भेदून ९ एप्रिल १९४२ रोजी प्रार्थनेसाठी जमलेल्या लोकांमध्ये पडलेला बॉम्ब फुटला नाही. हाल मिल्लिएरी या ठिकाणचे पंधराव्या शतकातील चिमुकले चॅपल बहुतेक वेळा बंद असते, पण तिथली भित्तिचित्रे मला फार मोलाची वाटतात.