वाचकांचे प्रश्न : घरी बनवलेली इलेक्ट्रिक गिटार

प्रश्न : सागवानाच्या बॉडीला ६४८ मिमी स्केलचा (नटपासून ब्रिजपर्यंतच्या लांबीचा) तयार नेक लावला आणि ब्रिज मोजून ६४८ मिमीवर बसवला. मोकळ्या तारा सुरात आहेत, पण बाराव्या फ्रेटवर सूर चढतो. जाड तारांवर जास्तच. सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो सरकता तुकडा) मागे घ्यायला जागाच उरली नाही. काय करू?

उत्तर : ब्रिज हलवावा लागेल. तार फ्रेटवर दाबली की ताणली जाते, म्हणून सूर चढतो. ती चढ काढायला तारेची लांबी स्केलपेक्षा थोडी जास्त लागते : पातळ ई तारेला एक-दोन मिमी, जाड ई तारेला चार-पाच. सॅडल अगदी मागे असताना ६४८ धरल्यामुळे तुमचा हा वावच संपला.

नेक घट्ट कसलेला असतानाच मोजा. नटच्या (नेकच्या वरच्या टोकाला तारा बसतात त्या खाचदार पट्टीच्या) फ्रेटबोर्डकडच्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या माथ्यापर्यंत ३२४ मिमी भरायला हवेत. तिथून पुढे तेवढेच मोजून खूण करा. बॉडीच्या किंवा नेकच्या खाचेच्या कडेवरून मोजू नका. पातळ ईचे सॅडल पुढे आणा, पुढे दोनेक मिमी वाव राखा आणि ते खुणेवर धरा. आता दोन्ही ई तारांच्या जागी दोरे ताणा. शेवटच्या फ्रेटपाशी ते दोन्ही कडांपासून सारखेच आत हवेत. हे न पाहता स्क्रू मारला, तर कडेची तार वाजवताना फ्रेटबोर्डवरून घसरते.

जुनी भोके सागाच्याच खुंट्यांनी बुजवा. साग तेलकट असतो, गोंद नीट धरत नाही. म्हणून चिकटवण्याच्या अगदी आधी लाकूड अॅसिटोनने पुसा आणि चिकटवल्यावर गोंद रात्रभर सुकू द्या. नवे भोक स्क्रूच्या आट्यांमधल्या गाभ्याएवढे पाडा, स्क्रूला मेण लावा. सुक्या सागात कोरडा स्क्रू जोराने पिळला तर डोके तुटते आणि दांडा आत राहतो.

शेवटी नव्या तारांवर बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तार न दाबता नुसते बोट टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून पाहा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, उतरलेला असेल तर पुढे. दर वेळी तार पुन्हा सुरात लावूनच ताडा.

प्रश्न : सिंगल कॉइल पिकअप (तारेचे कंपन टिपणारे, एकाच गुंडाळीचे) घुमतात, तारांना हात लावला की घुमणे कमी होते. अर्थिंग चुकले का?

उत्तर : नाही, उलट ब्रिजची अर्थ वायर काम करते आहे. खात्रीसाठी मल्टिमीटरने ब्रिज आणि जॅकची बाहेरची बाजू तपासा. रोध जवळजवळ शून्य हवा. कमी आहे ते बाहेरची घुमघुम अडवणारे आवरण. पिकअप आणि पॉटच्या (आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाच्या) खाचांना आतून तांब्याची चिकटपट्टी लावा. पट्ट्यांच्या जोडांना डाख द्या, कारण पट्टीखालच्या गोंदातून वीज जाईलच असे नाही. पट्टीपासून एक वायर पॉटच्या पाठीशी जोडा. पिकअपची गरम (म्हणजे सिग्नल नेणारी) वायर पट्टीला टेकली, तर आवाज पूर्ण बंद होईल. एवढे करूनही सिंगल कॉइलची थोडी घुमघुम राहतेच. ट्रान्सफॉर्मरपासून दूर बसून वाजवा.